मोजली जाणारी माणसे वर्गात बसली तेव्हा

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने आपल्या वर्गापुढे एक निबंध वाचला. वर्ग मानववंशशास्त्राचा होता, प्राध्यापक होते डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर आणि विद्यार्थी होते भीमराव रामजी आंबेडकर. निबंधाचा विषय होता भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला, त्याची सुरुवातच या निबंधाने होते.

एवढे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असते. जयंतीच्या व्यासपीठावरून कोलंबियाचे नावही दरवर्षी घेतले जाते. पण तो वर्ग कसला होता, तिथे काय शिकवीत, त्या बाकांवर आणखी कोण कोण बसून गेले आणि त्यांना काय अनुभव आले, हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्या घरातली मुले-मुली आता कॉलेजात जातात, कोणता विषय घ्यावा यावर रात्री जेवताना वाद होतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी ही माहिती.

बाबासाहेबांनी कोलंबियात तीन वर्षांत कोणकोणते विषय घेतले, ते अभ्यासकांनी तिथल्या नोंदींवरून मोजले आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषेचा प्रत्येकी एक. कारकुनी सवयीने बेरीज करून पाहिली, साठ भरते. त्यात मानववंशशास्त्राचे फक्त चार. म्हणजे साठात चार अभ्यासक्रम, आणि त्यातून जातीवरचा तो निबंध निघाला.

नाकाची मापे

मानववंशशास्त्र म्हणजे माणसाचा, त्याच्या चालीरीतींचा, कुळांचा, भाषेचा अभ्यास. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या विषयाचे रूप वेगळे होते. गोऱ्या साहेबाने हातात पट्टी आणि चिमट्यासारखे एक यंत्र घ्यायचे, काळ्या किंवा तांबूस कातडीच्या माणसाला समोर उभे करायचे आणि त्याचे डोके, नाक, जबडा मोजायचा. मग त्या मापांवरून कोण श्रेष्ठ, कोण कनिष्ठ ते ठरवायचे.

आपल्या देशात हे काम सर हर्बर्ट रिस्ले यांनी केले. १९०१ च्या जनगणनेचे ते आयुक्त होते. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे, हा त्यांचा नासिका-निर्देशांक. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा. म्हणजे जो निवाडा मनूने धर्माच्या नावाने दिला होता, त्यालाच या साहेबाने शास्त्राचा शिक्का मारून दिला. वरच्या जातीच्या अनेक पंडितांना ते गोड वाटले, यात नवल नाही. आपण विलायतेतल्या साहेबाचे दूरचे भाऊबंद आहोत, असे छापून आलेले कोणाला आवडणार नाही?

त्याच काळात कोलंबियात एक प्राध्यापक याच्या नेमके उलटे शिकवीत होते. त्यांचे नाव फ्रान्झ बोआस. जन्म १८५८ चा, जर्मनीतल्या मिंडेन गावचा, ज्यू कुटुंबातला. पदवी घेतली पदार्थविज्ञानात. १८८३ साली उत्तरेकडच्या बर्फाळ बॅफिन बेटावर इनुइट लोकांत वर्षभर राहून आले आणि विषयच बदलला. १८९६ पासून ते कोलंबियात शिकवू लागले, १८९९ मध्ये प्राध्यापक झाले. १९११ साली त्यांचे 'द माइंड ऑफ प्रिमिटिव्ह मॅन' हे पुस्तक निघाले. ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांची बुद्धी आपल्यापेक्षा कमी नसते, फरक पडतो तो परिस्थितीने आणि संस्काराने, हा त्याचा गाभा.

बोआसही डोकी मोजत, पण मोजमाप उलट तपासण्यासाठी. युरोपातून अमेरिकेत आलेले गरीब लोक हीन वंशाचे आहेत, अशी तेव्हा ओरड होती. अमेरिकन सरकारच्या आयोगासाठी बोआस यांनी १९०८ ते १९१० या काळात न्यूयॉर्कमध्ये सुमारे अठरा हजार स्थलांतरित आणि त्यांची मुले मोजली. निघाले काय, तर एकाच आईबापांच्या पोटची, पण अमेरिकेत जन्मलेली मुले डोक्याच्या आकाराने वेगळी होती. गोल डोक्यांच्या ज्यूंची मुले थोडी लांबट, लांब डोक्यांच्या सिसिलीवाल्यांची मुले थोडी गोलट. ज्या डोक्याच्या आकाराला जन्मजात, अढळ समजत होते, तोच एका पिढीत हलला. या आकड्यांवर पुढे वादही झाले, २००२-०३ मध्ये तर ते सगळे आकडे संगणकावर नव्याने तपासले गेले. पण आकारावरून माणसाची पायरी ठरवण्याचा धंदा तेव्हापासून खोटा पडू लागला. सरकारने मात्र ऐकले नाही. १९२४ मध्ये कायदा करून त्याच गरिबांना दारे बंद केली.

देवक आणि टोटेम

डॉ. गोल्डनवायझर हे बोआस यांचे विद्यार्थी. जन्म १८८० चा, कीव शहरातला. १९१० मध्ये त्यांनी कोलंबियाची पीएच.डी. मिळवली आणि तिथेच शिकवू लागले. प्रबंधाचा विषय टोटेम. टोटेम म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगायला नको, कारण महाराष्ट्रात देवक आहे. लग्नात देवक बसवतात, कोणाचा कळंब, कोणाचा मोर, कोणाचे पंचपल्लव. एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही.

जगभरच्या पंडितांनी अशा सगळ्या चालींना एकत्र बांधून 'टोटेमवाद' नावाचे एकच गाठोडे केले होते. गोल्डनवायझर यांनी ते गाठोडे सोडले. प्राण्याचे नाव कुळाला असणे ही एक गोष्ट, त्या प्राण्यापासून आपण जन्मलो असे मानणे ही दुसरी, त्याला न मारणे ही तिसरी, कुळाबाहेर लग्न करणे ही चौथी. एका ठिकाणी दोनच असतात, दुसरीकडे तीन. म्हणजे गाठोडे हे नैसर्गिक नव्हे, निरनिराळ्या कारणांनी जमलेले.

आता बाबासाहेबांचा निबंध उघडून बघा. फ्रान्सचे सेनार, इंग्रज नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्याकडचे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून पुढे मांडतात. विटाळ, रोटीबंदी, पुरोहित, धंदा अशी जातीची जी लक्षणे सांगितली जात, ती सुटी करून तपासतात. यातले कोणते काढले तर जात कोसळेल? त्यांचे उत्तर एकच, जातीतल्या जातीत लग्न. बाकी सगळी त्याची पिलावळ. गाठोडे सोडून पाहण्याची ही शिस्त त्या वर्गातली असावी असे मला वाटते. पण त्या गाठोड्यात हात घालून नेमकी कळ सापडली, ती बाबासाहेबांना. ती सापडायला ज्या जातीच्या ओझ्याखाली माणूस वाढतो तेच ओझे लागते.

त्यांची पुढची मांडणी तर आपल्या घराघरातल्या बायकांनी समजून घ्यावी अशी आहे. समजा एका गटाने ठरवले की आता बाहेर मुलगी द्यायची नाही आणि बाहेरची आणायची नाही. मग त्या गटात लग्नाच्या वयाचे पुरुष आणि बायका यांची संख्या सारखी राहायला हवी. पण मरण काही जोडीने येत नाही. नवरा आधी मेला तर बाई शिल्लक उरते. ती बाहेर लग्न करील तर गटाची भिंत फुटते, गटातच करील तर कुमारिकेच्या वाट्याचा नवरा जातो. तेव्हा तिची वासलात दोनच तऱ्हांनी लागते. नवऱ्याबरोबर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको आधी मेली तर पुरुष शिल्लक. त्याला जाळणार कोण? तो कमावता, हुकूम चालवणारा. संन्यासी करावे तर गटाचे बळ घटते. मग त्याच्यासाठी नवरी आणायची ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्यांतून. म्हणजे बालविवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींची धर्माच्या पोथ्यांत एवढी थोरवी गायली गेली, ती जातीची भिंत शाबूत ठेवण्याच्या हिशेबातून निघाली. आधी गरज, मग तिच्यावर पुण्याचा मुलामा.

१९१६ साली जातीचा प्रश्न हा बायकांच्या अंगावर उभा आहे, असे सांगणारा हा तरुण होता. आज विद्यापीठांतून याच गोष्टीवर जाड पुस्तके लिहिली जातात.

जात पसरली कशी, तर अनुकरणाने, असे ते पुढे सांगतात. एकाने दार लावून घेतले, बाकीच्यांना ते आपल्यावर लागलेले आढळले आणि मग त्यांनीही आपापली दारे लावली. वरच्यांच्या जवळ जे होते त्यांनी तिन्ही चाली उचलल्या, जे दूर होते त्यांनी एखाद-दुसरी. इथे मला आपल्याच समाजाकडे बोट दाखवायचे आहे. धर्मांतराला १९५६ पासून किती वर्षे झाली? तरी वधू-वर मेळाव्यात नाव नोंदवताना सोमवंशी की लाडवण, बावणे की आणखी कोण, हे हळूच कानात विचारले जाते. हुंडा न म्हणता 'मुलीला काय घालणार' असे विचारले जाते. बुद्धवंदना घेऊन लावलेल्या लग्नात जर पोटजातीची चौकशी आधी झाली असेल, तर तो निबंध आपल्यालाही लागू आहे.

शिष्यवृत्तीचे पाच आठवडे

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. तिची मुदत १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. म्हणजे निबंध वाचला तेव्हा हाती पाच आठवडे उरले होते. घरी रमाई काटकसरीत दिवस काढीत होत्या. अशा वेळी माणूस परीक्षेपुरते वाचतो आणि बोटीचे तिकीट बघतो. बाबासाहेबांनी जातीच्या मुळाला हात घातला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात बाबासाहेबांनी आपल्या आवडत्या प्राध्यापकांची नावे दिली आहेत. जॉन ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन. त्या यादीत गोल्डनवायझर नाहीत, बोआसही नाहीत. तेव्हा कोणी उत्साहाच्या भरात 'बोआसने आंबेडकर घडवले' असे लिहू लागले तर त्याला थांबवावे. वर्गाने पद्धत दिली, आशय अनुभवाने दिला. मात्र तो निबंध बाबासाहेब विसरले नव्हते. 'जातिनिर्मूलन' या पुस्तकाच्या १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले आहे की तो जुना निबंध या पुस्तकात घालून नवी मांडणी करायचा विचार होता, पण वेळ मिळाला नाही.

पापा फ्रान्झचा वर्ग

बोआस यांच्या वर्गाच्या आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवल्या आहेत. शिकवण्यात ते गोड नव्हते. पाठ्यपुस्तक नाही, पायऱ्या नाहीत. विद्यार्थ्याला खोल पाण्यात सोडायचे, पोहला तर पोहला. संख्याशास्त्राचा तास सुरू झाला की भलेभले घाबरत. सुरुवातीच्या काळात तर आदिवासींच्या भाषांचा वर्ग त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती भरे. चेहऱ्यावर जर्मनीतल्या तरुणपणच्या द्वंद्वाचा व्रण, आणि आजारपणाने एक बाजू लुळी पडलेली. मुले बिचकत. तरीही मागून त्यांना 'पापा फ्रान्झ' म्हणत.

मार्गारेट मीड या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या विदुषीने एक गंमत सांगितली आहे. बोआस वर्गात प्रश्न टाकत आणि स्वतःच उत्तर देत. ही मुलगी आधी आपले उत्तर वहीत लिही आणि ते बरोबर निघाले की नुसती मान डोलावी. सत्राच्या शेवटी बोआस यांनी तिला परीक्षा माफ केली, कारण काय, तर वर्गातील चर्चेत चांगला सहभाग! तोंडातून तर शब्द काढला नव्हता. मास्तरांची नजर मात्र वहीपर्यंत पोहोचली होती.

रूथ बेनेडिक्ट यांना लहानपणच्या गोवराने कमी ऐकू येत असे. तिशी उलटून गेल्यावर त्या गोल्डनवायझर यांच्या वर्गात दाखल झाल्या, तेव्हा ते कोलंबिया सोडून न्यू स्कूल नावाच्या संस्थेत शिकवत होते. तिथून बोआस यांच्याकडे आल्या आणि १९२३ मध्ये पीएच.डी. झाल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी आणि जीन वेल्टफिश यांनी मिळून सर्व वंश समान आहेत हे सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहिली, ती अमेरिकन लष्कराने सैनिकांना वाटायची थांबवली. त्यात काळ्या लोकांचे काही बुद्धिगुण गोऱ्यांपेक्षा जास्त निघाल्याचा तक्ता होता.

पण मला जास्त सांगायचे आहे ते दुसऱ्या दोन विद्यार्थिनींविषयी. कारण त्या आपल्यासारख्या. ज्यांना मोजले जात होते त्यांच्यातल्या.

एलाने मास्तरांना खोटे सांगितले नाही

एला डेलोरिया ही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, डकोटा जमातीची. जन्म १८८९ चा. बाबासाहेब कोलंबियात होते त्याच काळात ती तिथल्या टीचर्स कॉलेजात शिकत होती, १९१५ मध्ये पदवीधर झाली. बोआस यांना कळले की या मुलीची मातृभाषा डकोटा आहे. त्यांनी तिला दरमहा १८ डॉलर देऊन आपल्या विद्यार्थ्यांना ती भाषा शिकवायला लावली. शिकायला आलेली मुलगी, तीच शिक्षिका आणि तीच नमुना.

१९२७ पासून बोआस यांच्या मृत्यूपर्यंत ती त्यांच्याबरोबर काम करत होती. १९३२ मध्ये तिचे डकोटा कथांचे पुस्तक निघाले, १९४१ मध्ये दोघांच्या नावाने डकोटा भाषेचे व्याकरण. पण पैशाची ओढाताण कायमची. आईवडील, भावंडे यांची जबाबदारी डोक्यावर, नोकरी कायमची नाही, काही काळ तर मोटारीतच मुक्काम. न्यूयॉर्कच्या साहेबांना वाटे, माहिती गोळा करायला एवढा खर्च कशाला? तिने बोआस यांना पत्र लिहून कळवले की म्हाताऱ्यांकडे मी रिकाम्या हाताने जाऊ शकत नाही. मांस, शिधा काहीतरी नेलेच पाहिजे. ज्या दिवशी नेणार नाही त्या दिवशी मी त्यांच्यातली राहणार नाही, परकी होईन. आपल्याकडे गावी आजीला भेटायला जाताना पिशवीत साखर-चहापत्ती नेतो, त्याचा हिशेब कोणत्या व्हाउचरवर लिहायचा?

आणखी एक. एका गोऱ्या डॉक्टरने डकोटांच्या धर्मकथा म्हणून जे गोळा केले होते, ते खरे का याची खात्री करायला बोआस यांनी तिला पाठवले. ती गावोगाव फिरली, म्हाताऱ्यांना विचारले. कोणालाच त्या कथा ठाऊक नव्हत्या. तिने तसे स्पष्ट कळवले. बोआस यांना ते रुचले नाही, पुन्हा विचार म्हणाले. तिने पुन्हा विचारले आणि पुन्हा तेच कळवले. पगार ज्याच्या हातात त्याला असे कळवणे सोपे नसते. ऑफिसात काम करणाऱ्यांना ते जास्त कळेल.

एला १९७१ मध्ये वारली. पीएच.डी. तिला कधीच मिळाली नाही. तिची 'वॉटरलिली' ही कादंबरी १९८८ मध्ये छापली गेली, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

बारा डॉलरचा झगा

झोरा नील हर्स्टन बाबासाहेबांच्याच वर्षी, १८९१ मध्ये जन्मली. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्यांच्याच गावात वाढली. आई लवकर गेली, शिक्षण तुटले, लोकांच्या घरी कामे केली. बाल्टिमोरमध्ये फुकट शाळेत बसण्यासाठी सव्विसाव्या वर्षी तिने वय सोळा सांगितले. पुढे जन्मभर ती दहा वर्षे लहानच राहिली. १९२५ मध्ये कोलंबियाला जोडलेल्या बर्नार्ड या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली, तेव्हा संपूर्ण कॉलेजात काळी मुलगी ती एकटीच.

तिचा एक निबंध शिक्षिकेने बोआस यांना दाखवला आणि त्यांनी तिला बोलावून घेतले. हार्लेम या काळ्या वस्तीत रस्त्यावर उभे राहून लोकांची डोकी मोजण्याचे काम तिला दिले. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी लिहिले आहे की दुसऱ्या कोणी असे अडवले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या. झोरा अडवायची आणि लोक हसत हसत डोके पुढे करायचे. तेच यंत्र, तीच डोकी. पण धरणारा हात आपल्यातला होता, आणि मोजणी चालली होती ती काळी माणसे हीन नाहीत हे दाखवण्यासाठी.

१९२७ मध्ये बोआस यांनी तिला लोककथा गोळा करायला फ्लोरिडाला धाडले. ती कॉलेजच्या शुद्ध इंग्रजीत विचारू लागली, तुम्हाला लोककथा येतात का? लोक म्हणत, छे, पलीकडच्या गावात विचारा. जवळपास हात हलवत परतली. बोआस यांच्यापुढे उभी राहून रडली, असे तिनेच लिहिले आहे. त्यांनी खडसावले, पण काम काढून घेतले नाही. पुढच्या खेपेला ती लाकूड कापणाऱ्यांच्या वस्तीत गेली. तिथेही लोक अंतर ठेवून. का, तर अंगावर न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानातला १२ डॉलर ७४ सेंटचा झगा आणि सगळ्या बायकांच्या अंगावर पावणेदोन-दोन डॉलरचे. शिवाय दारात मोटार, म्हणजे ही पोलिसांचीच कोणी. शेवटी तिने थाप मारली की मी चोरून दारू विकते, पोलीस मागावर आहेत. मग लोक मोकळे झाले! शिकलेली मुलगी आपल्याच माणसांत परकी होते ती अशी. तालुक्याला हापिसर होऊन गेलेल्या आपल्या मुलांना विचारा, गावच्या पारावर त्यांच्याशी कोण कसे बोलते.

१९३५ मध्ये तिचे 'म्यूल्स अँड मेन' हे पुस्तक बोआस यांच्या प्रस्तावनेसह निघाले. त्याच वर्षी पीएच.डी.साठी देऊ केलेली शिष्यवृत्ती कापली गेली आणि पदवी राहिली. १९६० मध्ये ती सरकारी निराधारगृहात मेली. थडग्यावर नाव नव्हते. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर शोधत गेल्या आणि त्यांनी दगड बसवला.

बोआसच्या अंगावरचा डाग

प्राध्यापक भला होता म्हणून त्याची आरती ओवाळायची गरज नाही. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी ग्रीनलँडहून सहा इनुइट माणसे जहाजाने आणली गेली. एखादा माणूस अभ्यासाला मिळावा, ही विनंती बोआस यांचीच होती. काही महिन्यांत चौघे क्षयाने मेले. त्यातल्या एकाच्या मिनिक नावाच्या लहान मुलाला खोटा अंत्यविधी करून दाखवला आणि बापाचा सांगाडा संग्रहालयात ठेवला. मुलगा मोठा झाल्यावर त्याला ते कळले. त्या चौघांचे अवशेष १९९३ मध्ये, शहाण्णव वर्षांनी, मायदेशी परत गेले. तरुणपणी आदिवासींच्या थडग्यांतून कवट्या उचलण्याचे कामही बोआस यांनी केले होते. सगळे वंश समान मानणाऱ्या माणसाच्या हातूनही असे होते, कारण समोरचा जोपर्यंत नमुना असतो तोपर्यंत त्याचा बाप आठवत नाही. वर्गात एला आणि झोरा बसल्या की आठवावा लागतो.

त्याच बोआस यांची पुस्तके १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या लोकांनी जाळली, हेही खरे. २१ डिसेंबर १९४२ रोजी कोलंबियाच्या प्राध्यापकांच्या क्लबात जेवणाच्या टेबलावर त्यांचा मृत्यू झाला.

मापांचा उलटा हिशेब

इकडे बाबासाहेब मापे विसरले नव्हते. १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स' हा त्यांचा ग्रंथ निघाला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, म्हणून अस्पृश्य, या म्हणण्याचा त्यात एका प्रकरणात समाचार घेतला आहे. तो कशाने? मुंबई विद्यापीठाचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी जमवलेल्या नाकांच्या मापांनी. प्रांताप्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे शेजारी ठेवली आणि दाखवून दिले की ब्राह्मणांना जो वंश लावाल तोच अस्पृश्यांनाही लावावा लागेल. रिस्ले यांचेच हत्यार, टोक मात्र उलटे. आपल्या काही वक्त्यांना अजून आर्य-अनार्य रक्ताची भाषा फार आवडते. टाळ्याही मिळतात. बाबासाहेबांनी ती भाषा १९१६ मध्ये नाकारली आणि १९४८ मध्ये आकड्यांनी पुन्हा नाकारली, हे त्यांनी वाचलेले नसते.

आता आपल्या मुलांविषयी. आपल्या घरात शिक्षण म्हणजे नोकरी, आणि त्यात चूक काही नाही, चूल पेटली पाहिजे. पण जातीवर, वस्तीवर, आपल्या लग्नविधीवर प्रबंध लिहायला दुसरे येतात, वस्तीतल्या पोरांना घेऊन फिरतात, आजीला बोलते करतात. पुस्तकात आजीचे नाव नसते आणि पोराचे आभार शेवटच्या पानावर असतात. एखादी मुलगी समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र घेते म्हणाली तर लगेच 'त्यात काय स्कोप' असे विचारू नये.

दार उघडे आहे असेही समजू नये. केंद्र सरकारची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणारी नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. तिच्या २०२२-२३ च्या नियमावलीत अट घातली गेली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. हे विषय इथेच शिकता येतात, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. आता १९१६ चा तो अर्ज डोळ्यांपुढे आणा. नाव भीमराव रामजी आंबेडकर, विद्यापीठ कोलंबिया, विषय भारतातील जाती. टेबलावरच्या कारकुनाने नियमाप्रमाणे काय शेरा मारला असता? विद्यार्थी संघटनांनी त्या वेळी निषेध केला. आपल्या मंडळांनी, विहार समित्यांनी त्याची नीट दखल घेतली नाही, कारण जयंतीच्या डीजेची वर्गणी सुरू होती.

पहिल्या खंडात हा निबंध जेमतेम वीस पानांचा आहे. बहुतेक विहारांच्या कपाटात तो खंड असतो, किल्ली कोणाकडे आहे ते सेक्रेटरींना विचारावे. इंग्रजी जड वाटले तर घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल त्याने मोठ्याने वाचावे आणि शिल्लक पुरुष, शिल्लक बाई हा भाग आला की थांबून आईला समजावून सांगावा. बहुतेक घरांत तिथे आईच दोन-चार उदाहरणे सांगेल.